शेकरूसाठी विनंती थांबा

कंडक्टर मास्तर मला आधी भेटले ते कागदावर. मी डेपोच्या ऑफिसात नुकतीच चिकटले होते आणि ड्रायव्हर-कंडक्टरांचे खुलासे फाइलला लावणं हे माझं काम होतं. खुलासा म्हणजे नोटिशीला दिलेलं उत्तर. हा एक वेगळाच साहित्यप्रकार आहे. त्यात कुणाची तरी आई आजारी असते, घड्याळ बंद पडलेलं असतं आणि शेवटी ‘पुन्हा असे होणार नाही, तरी क्षमा असावी’ हे वाक्य असतंच असतं. मास्तरांच्या खुलाशात यातलं काहीच नव्हतं. धारणीहून येणारी गाडी घाटात, थांबा नसताना, सात मिनिटं का उभी केली, असं त्यांना विचारलं होतं. त्यांनी लिहिलं होतं: ‘कारण, उजव्या बाजूच्या आंब्यावर शेकरू होते. गाडीत एकूण प्रवासी बेचाळीस. पैकी एक्केचाळीस जणांनी शेकरू पाहिले. तक्रारदार झोपलेले होते.’ खाली ठसठशीत सही. क्षमा कुठंच नाही.

साहेबांनी ताकीद दिली. ती घ्यायला मास्तर स्वतः माझ्या टेबलाशी आले. उंच, काळेसावळे, खाकी कपड्यांना कडक इस्त्री. समोर खुर्ची रिकामी होती, पण ते बसले नाहीत. दोन पाय फाकवून आणि कंबर कपाटाला टेकवून उभे राहिले. तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिलेला माणूस थांबलेल्या ऑफिसातही तसाच उभा राहतो हे मला नंतर कळलं. मी नवी होते, मला त्यांची कीव आली. म्हटलं, “मास्तर, क्षमेची एक ओळ टाका ना. प्रकरण मिटून जाईल.”

“कोनाची मागू मॅडम? एक्केचाळीस जनाची का त्या झोपलेल्याची?” एवढं म्हणून ताकीद घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेले.

शेकरू म्हणजे आपल्या अंगणातल्या खारीची जंगलातली थोरली बहीण. मांजराएवढी, पाठ तांबडी, पोट पिवळसर, शेपूट अंगापेक्षा लांब. जमिनीवर सहसा उतरायचं नाही, या झाडावरून त्या झाडावर जायचं, असा तिचा खाक्या. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र असतं. अमरावतीत जन्माला आलेल्या मी ती चित्रातच पाहिली होती आणि त्यात मला काही कमी वाटत नव्हतं.

मास्तरांना माणसांची नावं लक्षात ठेवायचीच नसत. माणूस कुठं उतरतो एवढं त्यांना पुरत असे. “ओ दर्यापूर, पाय मांघं घ्या.” “परतवाडा, पोराले मांडीवर घ्या, ते का तिकीट काढून बसलं?” माझं घर राजापेठेत आहे हे कळल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी राजापेठ झाले. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, बाजारात, कुठंही मागून आरोळी यायची, “राजापेठ! जेवल्या का?” आणि वीस माणसं वळून बघायची. त्यांच्या बायकोचं माहेर पातूरचं, म्हणून ती पातूर. तीही काही कमी नव्हती. ती त्यांना चारचौघांत लाल डबा म्हणायची. “आमचा लाल डबा अजून घरी नाही आला. कुठी पंक्चर झाला कोनाले माईत.”

घरात भिंतीवर निळा झेंडा, आल्यागेल्याला जय भीम, आणि कोपऱ्यात अर्जांच्या नकलांची एक पत्र्याची पेटी. नळ, खांबावरचा दिवा, गल्लीतला रस्ता, सगळं त्यांच्या वस्तीत अर्ज करून आलेलं. मास्तर म्हणत, “आमच्या घरी देव नाही राजापेठ. आमच्या घरी अर्ज आहे.” आणि हे ते गमतीनं म्हणत नसत.

निवृत्त झाले त्याच्या पुढच्याच रविवारी त्यांनी आपला उद्योग सुरू केला. दर रविवारी सकाळच्या पहिल्या लाल गाडीनं जो येईल त्याला घेऊन मेळघाटात जायचं आणि शेकरू दाखवायचं. ना संस्था, ना पावती, ना छापील टोप्या. तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. वाघांच्या राखीव हद्दीबाहेर, घाट चढून गेल्यावर, एक नाला लागतो. त्याच्या काठी दहा-बारा जुने आंबे आणि अर्जुनाची झाडं आहेत, आणि मागं कोरकूंचा लहानसा ढाणा, म्हणजे वस्ती. कंडक्टर असताना हे नाल्यावरचं शेकरू त्यांना गाडीच्या दारातून वर्षानुवर्षं दिसत आलं होतं. ढाण्यातल्या लोकांशी बोलून त्यांनी तिथं बांबूचा एक ताटवा, म्हणजे कुडासारखा आडोसा, उभा केला. त्याच्यामागं बसायचं आणि फटीतून पाहायचं.

“जिप्सीत बसनाऱ्यालेच जंगल दिसावं काहून?” हे त्यांचं आवडतं वाक्य. “लाल डब्यातल्या मानसाचे डोये का भाड्याचे आहेत?”

त्यांचे नियम कडक होते. बोट दाखवायचं नाही, कारण बोट हललं की जनावर चिपकतं, फांदीशी एकजीव होतं. हनुवटीनं दाखवायचं. त्यामुळे मास्तरांच्या हाताखालून गेलेली माणसं आजही ओळखू येतात. भाजीवालीला कोथिंबीर दाखवायची तरी हनुवटी पुढं. फोटो नाही, खाणं नाही, बोलणं नाही. आणि उठताना प्रत्येकानं काय दिसलं ते सांगायचं, पण छान हा शब्द वापरायचा नाही. “छान तं चहाबी असते,” ते म्हणत.

पहिल्याच मोठ्या फेरीला आमच्या राजापेठेनं जे केलं ते फक्त आम्हीच करू जाणो. वऱ्हाडी माणसाला गावाबाहेर झाडाखाली बसायचं म्हटलं की एकच गोष्ट सुचते, रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे. आमच्या गल्लीतले दोन उत्साही गृहस्थ पोत्यात गोवऱ्या, डब्यात कणीक, पिशवीत वांगी आणि वर तुपाची बरणी घेऊन गाडीत चढले. मास्तरांनी पोतं पाहिलं, पण त्यांना वाटलं कुणाचं तरी गावाकडचं सामान आहे. नाल्यावर पंचवीस माणसं ताटव्यामागं श्वास धरून बसली. वर आंब्यात सालीचे तुकडे पडायला लागले. आणि मागून धूर आला. बघणं आटोपेपर्यंत रोडगे तयार असावेत म्हणून त्या दोघांनी नाल्याच्या कोरड्या पात्रात गोवऱ्या पेटवल्या होत्या. वानरं खेकसली, पाखरं उठली, वरचं जे काय होतं ते पाच झाडं ओलांडून गेलं. जंगलात आग दिसली म्हणून वनरक्षक धावत आला. ढाण्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “देखने को आये का खाने को आये?”

वनरक्षकानं वही काढली. मास्तर त्या दोघांच्या पुढं येऊन उभे राहिले. “माह्यं नाव लिवा. यायले मी आनलं.” स्वतः हातानं विस्तव विझवला, त्यावर माती ओढली. कच्च्या रोडग्यांचे गोळे सगळ्यांना परत अमरावतीपर्यंत मांडीवर घेऊन यावे लागले. संध्याकाळी ते आमच्या गच्चीवर भाजले. मास्तर बोलावल्याशिवाय आले, पाच रोडगे खाल्ले, आणि जाताना म्हणाले, “हे रोडगे छान आहेत. इथी छान चालते.”

त्या धुरानंतर मी पुन्हा गेले ती खरं तर त्यांच्या सततच्या टोमण्यांना कंटाळून. तासभर बसून पाय बधिर झाले होते. घरी धुणं तसंच पडलं होतं, आणि मी मनातल्या मनात या म्हाताऱ्याला बरंच काही बोलून घेत होते. मग शेजारची हनुवटी हलली. ते फांदीवर मागच्या दोन पायांनी उलटं लोंबकळत होतं आणि पुढच्या दोन हातांत एक फळ धरून फिरवून फिरवून खात होतं. ऊन शेपटीतून आरपार येत होतं आणि शेपटी कडेला तांब्यासारखी पेटलेली दिसत होती. मग त्यानं फळ टाकलं, तोंड पुसलं आणि समोरच्या अर्जुनावर असं काही झेपावलं की मी ताटव्याचा बांबू घट्ट धरला. “काय दिसलं?” मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, “त्यानं तोंड पुसलं.” ते खूश झाले. मला रडू का आलं ते मला आजही सांगता येत नाही, पण आलं.

बायकांना अर्धं तिकीट झालं तशी फेरीची गर्दी वाढली. भिशीच्या बायका, धुणीभांडी करणाऱ्या, सुट्टीवरच्या नर्स, ज्यांना जन्मात कुणी जंगलात नेलं नव्हतं अशा सगळ्या. आणि तिथंच खरी अडचण होती. नाल्यावर थांबा नव्हता. गाडी तिथून पुढं जायची, अडीच किलोमीटरवर फाट्याला थांबायची, आणि मग घाटरस्त्यानं, ट्रकांच्या कडेकडेनं, सगळ्यांनी मागं चालत यायचं. तरण्याताठ्यांना ठीक होतं. म्हाताऱ्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून राहत आणि इतरांनी काय पाहिलं ते ऐकून परत जात.

पातूर तर फाट्यापर्यंतही येत नसे. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. म्हणजे ज्या माणसानं अर्ध्या अमरावतीला शेकरू दाखवलं त्याच्या बायकोनं ते पाहिलेलं नव्हतं. ओळखीचे ड्रायव्हर म्हणायचे, “मास्तर, आनाना वयनीले, उतरवतो आमी गुपचूप.” जीपवालेही तयार होते. यावर नवरा-बायकोचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. मास्तर म्हणत, थांबा मिळाल्यावर. आणि पातूर म्हणे, “चोरून उतरवाले मी का गांजाचं बोचकं आहो?”

म्हणून त्यांनी अर्ज सुरू केले. मागणी एकच, नाल्यावर विनंती थांबा. पत्र्याची एक पाटी आणि कुणी हात दाखवला तर गाडी उभी राहणं, बस्स. पहिला अर्ज, स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र. मी तोवर वाहतूक शाखेत गेले होते. ते कागद माझ्याच टेबलावर यायचे, मी ‘सादर’ लिहून पुढं ढकलायची आणि ते साहेबांच्या कपाटात निवांत पडायचे. तीन वर्षांत हो नाही की नाही नाही.

मधल्या काळात शहरातल्या एका मंडळाला शेकरूचा पुळका आला. त्यांनी एका चौकात सिमेंटचं शेकरू बसवलं, त्याच्यासमोर सेल्फी काढायला जागा केली आणि उद्घाटनाला मास्तरांचा सत्कार ठेवला. आदल्या दिवशी त्यांच्यातला एक जण मास्तरांना समजावून गेला होता, आता शहरातच शेकरू आलंय, घाटातल्या थांब्याचा हट्ट कशाला, वर उगीच वाईट दिसतं. मास्तरांनी शाल खांद्यावर घेतली, माइक हातात घेतला, त्या गुलाबी रंगाच्या पुतळ्याकडे हनुवटी केली आणि म्हणाले, “हे शेकरू नाही. हे बसलेलं मांजर आहे. ज्याले शेकरू पाहाचं आहे त्यानं रविवारी सकाळी स्टँडवर या. अन मले थांबा पायजे.” माइक काढून घेतला गेला. शाल मात्र त्यांनी परत केली नाही. म्हणाले, थंडी होती.

शेवटी नवीन साहेब आले आणि त्यांनी जागेची पाहणी करायचं मनावर घेतलं. ते पुण्याकडचे. पहिल्या भेटीनंतर मला हळूच विचारलं, “हे गृहस्थ उद्धट आहेत का?” मी म्हटलं, “नाही साहेब, दर्यापूरचे आहेत.” पाहणीच्या आदल्या दिवशी ढाण्यातल्या लोकांनी सुचवलं होतं, झाडावर चार केळी बांधून ठेवू, जनावर हमखास येईल. मास्तर बिघडले. “मंग साहेबाले केळं खानारं जनावर दिसन. मले शेकरू दाखवाचं आहे.” केळी बांधली नाहीत. साहेब ताटव्यामागं बसले, अधूनमधून मोबाइल बघत राहिले, आणि अर्धा तास आंब्यावर एक पान हललं नाही. मी मागं उभी राहून देव पाण्यात घालून बसल्यासारखी वर बघत होते.

साहेब उठले. “काही दिसलं नाही.”

“आज नाही दिसलं. तसं लिवा.”

“मग थांबा कोणासाठी द्यायचा?”

“मानसाईसाठी साहेब. शेकरूले कुठी तिकीट काढाचं आहे?”

साहेब गाडीत बसले. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावून उत्तर सांगितलं आणि मी ते टाइप केलं. ‘सदर ठिकाणी प्रवाशांची चढ-उतार आढळून येत नाही. सबब विनंती थांबा मंजूर करता येत नाही.’ मला त्यातला अन्याय दिसत होता. लहान पोरालाही दिसला असता. थांबाच नाही तर चढ-उतार आढळणार कुठून? पण मी तोंडातून शब्द काढला नाही. नोकरीत मी कधी तोंड उघडलंच नव्हतं, आणि त्यालाच मी शहाणपण समजत होते.

पत्र घ्यायला मास्तर आले. उभ्यानंच वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “टायपिंग तुमचंच ना राजापेठ? एक बी चूक नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही तरी पुटपुटले. ते उलट हसत होते. “तुमी काहून तोंड पाडून राहिल्या? तीन वर्षांत पह्यलं उत्तर आलं. कपाटाशी भांडता येत नाही, कागदाशी येते. आता अपील करतो.” आणि त्यांनी सगळ्या शाखेला चहा पाजला. मी माझा कप तसाच टेबलावर ठेवला.

मी आता अकोल्याला आहे. बदलीच्या आदेशात कारण ‘प्रशासकीय’ असं लिहिलं आहे. थांबा अजून झालेला नाही, अपील चालू आहे, आणि मास्तर आठवड्याला फोन करून मला अपिलाची प्रगती ऐकवतात. पण बदलीच्या आधीचा एक रविवार सांगायचा राहिला.

ते पत्र मास्तरांनी घरी पातूरला वाचून दाखवलं होतं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “चढ-उतार नाही म्हन्ते? थांबा नाही तं मानूस उतरन कसा, उडी मारून?” भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, “या रविवारी मी येतो.” मास्तरांना वाटलं थट्टा करते. पण रविवारी पहाटे ती खरंच स्टँडवर आली, लुगडं वर खोचलेलं, आणि सोबत शेजारणीची एक प्लास्टिकची खुर्ची. मीही त्या दिवशी गेले होते. जायला नको होतं, पण पत्र टाइप केल्यापासून मला घरात बसवत नव्हतं.

फाट्यावर उतरून पातूर चालायला लागली. पन्नास पावलं चालायची, मग आम्ही रस्त्याच्या कडेला खुर्ची टेकायचो, ती बसायची, गुडघे दाबायची, ट्रकवाल्यांना शिव्या द्यायची आणि पुन्हा उठायची. मास्तर हात द्यायला गेले की हात झटकायची. अडीच किलोमीटरला आम्हाला पुरी सकाळ लागली. नाल्यावर पोचलो तेव्हा तिचा चेहरा वेदनेनं काळानिळा पडला होता. मास्तर ताटव्याकडे वळले. ती वळली नाही. तिनं खुर्ची डांबराच्या अगदी कडेला ठेवायला लावली, रस्त्याकडे तोंड करून, आणि बसली.

पहिली गाडी आली. पातूरनं हात वर केला. ड्रायव्हर चपापला, पण थांबला नाही. “जाऊ दे,” पातूर म्हणाली, “दुसरी येते.”

आणि तेवढ्यात मागच्या आंब्यात ते आलं. पाठीमागच्या सगळ्या हनुवट्या एकाच वेळी वर झाल्या. इतकं खाली मी ते कधी पाहिलं नव्हतं, पार पहिल्या फांदीपर्यंत उतरलेलं. मास्तर पाय न वाजवता खुर्चीशी आले.

“पातूर. मांघं पाह्य.”

“नाही.”

“अवं, दहा हातावर आहे. अशी येळ पुन्हा येनार नाही. एकडाव मान वळव.”

“तुमी पाहा. मी पाहाले नाही आली.” तिची नजर रस्त्यावरून हलली नाही. “पाहाले येईन तवा गाडीनं येईन. इथी उतरीन, तिकीट हातात घेऊन. आज मी चढाले उभी आहो. चढ-उतार पायजे ना त्यायले? हे घ्या म्हना चढ.”

मास्तरांनी एकदा आंब्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग ते आंब्याला पाठ करून खुर्चीशेजारी उभे राहिले, दोन पाय फाकवून, आणि त्यांनी हात वर केला. ताटव्यामागून एकेक बाई उठून आली. ढाण्यातली म्हातारी आली. कुणी मागं बघत नव्हतं. वर झाडात ते जनावर ओरडत होतं, आणि वळणावर दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला.

ती आमच्या डेपोची गाडी होती. मास्तरांनी पाटी वाचली आणि घाईनं माझ्याकडे वळले. “राजापेठ, तुमी बायकाईच्या मांघं व्हा. हा ड्रायव्हर तुमाले वळखते. नोकरी आहे तुमची.”

गाडी जवळ येत होती. या जागी प्रवासी आढळून येत नाहीत असं मी माझ्या हातानं टाइप केलं होतं, एकही चूक न करता. मी बायकांच्या पुढं आले, ड्रायव्हरला माझं तोंड नीट दिसेल अशी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, आणि हात वर केला.